औषध थांबवल्यानंतरचे दिवस किती अंशांचे?

ऑक्सिटेट्रासायक्लिन हे मत्स्यशेतीतील जुन्या आणि जगभर परिचित असलेल्या प्रतिजैविकांपैकी एक आहे. अमेरिकेत कॅटफिशसाठी या औषधाच्या मान्य लेबलवर दोन अटी शेजारी शेजारी छापलेल्या असतात. उपचार संपल्यानंतर २१ दिवस मासळी विक्रीस काढू नये, ही पहिली. पाण्याचे तापमान १६.७ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर हे औषध देऊच नये, ही दुसरी. औषधाची माहिती एका देशातून दुसऱ्या देशात, तज्ज्ञाकडून विक्रेत्याकडे आणि विक्रेत्याकडून तळ्याच्या बांधापर्यंत जाते, तेव्हा पहिली अट टिकते. दुसरी वाटेतच गळून पडते. दिवस मोजणे सोपे असते. तापमान मोजायला पाण्यात हात घालावा लागतो.

या गळतीचा परिणाम साध्या गुणाकाराने दिसतो. मे महिन्यात तळ्याचे पाणी सरासरी ३० अंशांवर असेल तर २१ दिवसांत ६३० अंश-दिवस भरतात. जानेवारीत तेच पाणी १८ अंशांवर आले, तर २१ दिवसांत केवळ ३७८ भरतात. कॅलेंडरच्या दृष्टीने दोन्ही शेतकऱ्यांनी नियम पाळला; माशाच्या शरीराच्या दृष्टीने एकाने पूर्ण पाळला आणि दुसऱ्याने जेमतेम साठ टक्के. जानेवारीच्या तळ्यात ६३० चा आकडा गाठायचा तर ३५ दिवस थांबावे लागेल. हे वरचे चौदा दिवस आपल्या सल्ल्यात कुठेच येत नाहीत, आणि हिवाळा हाच अनेक भागांत मासळीला चांगला भाव मिळण्याचा, जाळे फिरवण्याचा काळ असतो.

गाय-म्हशीच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण जनावराचे शरीर पौषात आणि वैशाखात जवळपास एकाच तापमानावर चालते. माशाचे तसे नाही. त्याच्या शरीराचे तापमान म्हणजे भोवतालच्या पाण्याचे तापमान. पाणी दहा अंशांनी गार झाले की शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग साधारणपणे निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. आतड्यातून औषध शोषले जाणे, रक्तातून ते स्नायूंपर्यंत पोहोचणे, यकृत, पित्त, मूत्रपिंड आणि कल्ल्यांवाटे ते बाहेर पडणे, या प्रत्येक टप्प्याची गती पाण्याच्या हाती असते. फिनलंडमधील संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंद्रधनुषी ट्राउट मासे ५, १० आणि १६ अंशांच्या पाण्यात ठेवून ऑक्सिटेट्रासायक्लिनचा मागोवा घेतला. पाणी जितके गार, तितका औषधाचा शरीरातील मुक्काम लांबत गेला. औषध तेच आणि मासाही त्याच जातीचा होता, बदलले होते ते पाणी.

ऑक्सिटेट्रासायक्लिनची आणखी एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी चटकन बांधले जाते. त्यामुळे खाद्यातून दिलेल्या औषधाचा अगदी थोडा अंश माशाच्या रक्तात पोहोचतो आणि उरलेला विष्ठेतून तळ्यात जातो. जे शोषले जाते त्यातील काही भाग हाडांत आणि खवल्यांत जाऊन बसतो व मांसापेक्षा तेथे अधिक काळ राहतो. युरोपीय संघाने या औषधाच्या अवशेषांची कमाल मर्यादा किलोला १०० मायक्रोग्रॅम ठरवली आहे, आणि माशाच्या बाबतीत ती नैसर्गिक प्रमाणातील त्वचेसह मांसाला लागू होते. आपल्याकडे मासळी कातडीसकट शिजते, डोक्याचे कालवण होते, लहान मासे काट्यांसकट खाल्ले जातात. केवळ मांसापुरता विचार करून येथे भागणार नाही.

तथापि अवशेषांचा प्रश्न हा शेवटचा अंक आहे. तापमानाकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत त्याआधीच, उपचाराच्या पहिल्या दिवसापासून मोजली जाऊ लागते.

प्रतिजैविकाची मात्रा माशाच्या वजनावर ठरते; दिली मात्र जाते खाद्यात मिसळून. या दोहोंच्या मधला दुवा म्हणजे मासा किती खातो, आणि ते ठरवते तापमान. अमेरिकी लेबलनुसार ऑक्सिटेट्रासायक्लिनची मात्रा दर किलो वजनामागे रोज ५५ ते ८३ मिलिग्रॅम, दहा दिवस, अशी आहे. समजा, तज्ज्ञाने ७५ मिलिग्रॅम ठरवले आणि तळ्यात १,००० किलो मासळी आहे. रोज लागणारे शुद्ध औषध ७५ ग्रॅम. (भुकटीच्या पाकिटाचे वजन म्हणजे औषधाचे वजन नव्हे, हे सांगण्याची गरज अजूनही पडते.) उन्हाळ्यात मासे वजनाच्या तीन टक्के खाद्य घेत असतील तर ते औषध ३० किलो खाद्यात, म्हणजे किलोमागे अडीच ग्रॅम, मिसळावे लागेल. हिवाळ्यात तेच मासे एक टक्काच खात असतील तर १० किलो खाद्यात, म्हणजे किलोमागे साडेसात ग्रॅम. आता उन्हाळ्यात ठरलेले 'किलोला अडीच ग्रॅम' हे प्रमाण वहीत तसेच राहिले आणि थंडीत वापरले गेले, तर माशाला मिळतात ७५ ऐवजी २५ मिलिग्रॅम. जंतू मरत नाहीत. त्यांना औषधाची ओळख मात्र होते. शेतकरी म्हणतो, औषध लागू पडले नाही. विक्रेता त्याहून तीव्र औषध काढून देतो.

यातही एक दुखरी जागा आहे. सर्वांत आजारी मासा सर्वांत कमी खातो. गार पाण्यात भूक आधीच मंद, त्यात आजार. परिणामी औषधी खाद्याचा मोठा वाटा निरोगी माशांच्या पोटात जातो आणि जो मासा काठाशी येऊन उभा आहे, त्याच्या तोंडी काहीच लागत नाही. पाण्यात टाकलेले खाद्य दहा-पंधरा मिनिटांत उचलले जाते की नाही, हे पाहिल्याशिवाय औषधी खाद्याची शिफारस करणे म्हणजे बंद दाराआड पत्र टाकून उत्तराची वाट पाहणे होय.

ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा फ्लोरफेनिकॉल यांसारखी औषधे प्रामुख्याने जंतूंची वाढ रोखून धरतात. त्यांना संपवण्याचे काम माशाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला करावे लागते. ही शक्तीही तापमानावर अवलंबून असते. कार्प माशांत गार पाण्यात प्रतिपिंडे उशिरा आणि कमी तयार होतात. म्हणून थंडीत औषध शरीरात जास्त दिवस राहते, म्हणजे ते अधिक काम करते, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. मुक्काम लांबतो, पण सोबतीला कुणी नसते. उपचार संपल्यानंतर औषधाची पातळी हळूहळू उतरत जाते, आणि या उतरणीच्या दिवसांत जंतूंभोवती औषध असते, परंतु त्यांना रोखण्याइतके नसते. प्रतिरोध वाढण्यास ही स्थिती पोषक असते. गार पाण्यात ती रेंगाळते.

मग उन्हाळा बरा, असे म्हणावे तर तिकडे दुसरे संकट उभे असते. ऊन पाण्यात औषध लवकर बाहेर पडते, म्हणून सकाळी दिलेल्या मात्रेचा दुसऱ्या सकाळपर्यंत आधार राहीलच असे नाही. एखाद्या दिवशी खाद्य चुकले तर उपचारात खिंड पडते. जंतूंच्या पिढ्या भराभर वाढतात. तिलापियातील स्ट्रेप्टोकॉकसचा आजार उष्ण पाण्यात उफाळतो. पाण्यात विरघळू शकणारा प्राणवायू २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम असतो, तो ३० अंशांना साडेसातच्या आसपास येतो, आणि पहाटे तर त्याहून खूप खाली. दम लागलेल्या माशाला औषधापेक्षा आधी एरेटर हवा असतो. २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, जगभरातील प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या अभ्यासात असे आढळले की, पाणी जितके उष्ण तितकी संसर्गित माशांतील मरतूक अधिक, आणि उष्ण हवामानाच्या देशांत मत्स्यशेतीतील जंतूंचा अनेक औषधांना असलेला प्रतिरोधही अधिक. भारताला हा निष्कर्ष दूरचा म्हणून सोडून देता येणार नाही.

युरोपने यातून एक कामचलाऊ मार्ग काढला. तेथे माशांच्या औषधांचा विथड्रॉवल काळ, म्हणजे शेवटची मात्रा आणि मासळी काढणी यांतील सक्तीचे अंतर, बहुधा अंश-दिवसांत सांगितले जाते. रोजच्या सरासरी पाणी-तापमानाची बेरीज करत जायचे आणि ठरलेला आकडा भरला की काळ संपला. माशांसाठी मान्यता नसलेले औषध पशुवैद्यकाच्या जबाबदारीवर द्यावे लागले, तर ५०० अंश-दिवसांचा आकडा तेथील कायद्याने दीर्घकाळ आधारभूत मानला आहे. ३० अंशांच्या पाण्यात तो सतरा दिवसांत भरतो, १८ अंशांत अठ्ठावीस दिवसांत आणि १० अंशांत पन्नास.

विस्तार कार्यकर्त्यांना ही कल्पना नवी वाटू नये. पिकाच्या अवस्था आणि किडींच्या पिढ्या वर्तवण्यासाठी कृषी हवामान विभाग उष्णता एककांची बेरीज वर्षानुवर्षे करत आले आहेत. फरक एवढाच की पिकांत दैनिक सरासरीतून एक आधार तापमान वजा करतात. माशांच्या अंश-दिवसांत सेल्सिअसचा आकडा जसाच्या तसा धरतात. ज्या कार्यकर्त्याला हरभऱ्याचा हिशेब समजतो, त्याला रोहूचा समजायला एक दुपार पुरे.

या पद्धतीवर आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्य आहे. अंश-दिवस हा काही निसर्गनियम नव्हे. तापमान निम्मे झाले की औषधाचा मुक्काम बरोबर दुप्पट होतो, असे प्रत्येक औषधाबाबत आणि प्रत्येक जातीबाबत घडत नाही. फार गार पाण्यात प्रत्यक्ष मुक्काम बेरजेने सांगितल्याहून लांबू शकतो. थंड पाण्यातील ट्राउट किंवा सॅमनवरचे आकडे उचलून कटल्याला लावणे हेही शास्त्राला धरून नाही. या आक्षेपांतून निघणारा निष्कर्ष मात्र कॅलेंडरकडे परत जाण्याचा नाही. कॅलेंडर तर तापमान सर्वत्र सारखे आहे असेच गृहीत धरते, आणि ते गृहीतक अंश-दिवसांपेक्षा कितीतरी अधिक चुकीचे आहे. रोहू, कटला, मृगळ, पंगेशियस आणि तिलापिया यांच्यावर आपल्याच तळ्यांत, हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, अवशेष ओसरण्याचे अभ्यास होणे हे त्यावरचे खरे उत्तर आहे. कोलेरूच्या परिसरातील कार्पची तळी, पंजाब-हरियाणातील हिवाळ्यात १५ अंशांखाली उतरणारी तळी आणि आसामातील पुखुरी यांना एकच आकडा पुरणार नाही.

एक धोका आताच सांगून ठेवला पाहिजे. सतरा दिवसांत ५०० अंश-दिवस भरले, म्हणून लेबलवरचे २१ दिवस कापता येतील असा अर्थ कुणी काढू नये. लेबलवरील दिवस ही किमान मर्यादा आहे. तापमानाचा हिशेब ती वाढवण्यासाठी करायचा असतो. घटवण्यासाठी त्याचा आधार घेतला तर ती निव्वळ पळवाट ठरेल. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांना तर कोणताच अंश-दिवस लागू नाही. त्यांच्यावर बंदी आहे आणि पाणी कितीही ऊन असले तरी ती उठत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. तळ्याचे तापमान म्हणजे नेमके कुठले? दुपारी तीनला वरचा थर ऊन असतो, तळाशी पाणी दोन-चार अंशांनी गार; पहाटे दोन्ही जवळ येतात. कटला वर चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. एकाच तळ्यात तीन जाती तीन तापमानांत राहतात असे म्हटले तरी चालेल. जलाशयातील पिंजऱ्यातल्या माशाला तर खाली जाण्याची मुभाही नसते. प्रश्न रास्त आहे, पण त्याने काम अडत नाही. सूर्योदयाच्या वेळी आणि दुपारी तीनच्या सुमारास, पृष्ठभागापासून दीड-दोन फूट खाली, रोज त्याच जागी तापमान घ्यावे आणि दोहोंची सरासरी लिहावी. संशय असेल तेथे कमी आकडा धरावा. चूक झाली तरी ती चार दिवस अधिक थांबण्याची होईल. साधा अल्कोहोलचा थर्मामीटर दोरीला बांधून भागते. पाऱ्याचा नको, कारण तो तळ्यात फुटला तर नवा प्रश्न उभा राहतो.

प्रयोगशाळांकडेही या संदर्भात पाहायला हवे. माशातून वेगळ्या काढलेल्या जंतूंवर कोणते औषध चालते, याची चाचणी आंतरराष्ट्रीय मानकांनुसार २२ किंवा २८ अंशांच्या आसपास करायची असते. तालुक्याच्या गावी असा नमुना अनेकदा मानवी रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत जाऊ शकतो, आणि तेथील उबवणयंत्र ३५ ते ३७ अंशांवर चालते. जो जंतू २० अंशांच्या पाण्यात मासा मारतो, त्याची परीक्षा माणसाच्या तापमानावर घेतली तर येणारा अहवाल व्यवस्थित छापलेला असेल, विश्वासार्ह असेलच असे नाही. नमुना पाठवताना चिठ्ठीवर पाण्याचे तापमान लिहिणे आणि चाचणी कोणत्या तापमानाला झाली हे विचारणे, एवढे तरी विस्तार कार्यकर्त्याने करावे.

आणि या सगळ्याच्या आधीचा प्रश्न : औषध हवे आहे का? थंडीत कार्पच्या अंगावर लाल चट्टे आणि खोल जखमा दिसू लागल्या की प्रतिजैविकाची मागणी सुरू होते. भारतात १९८८ पासून ओळखीच्या झालेल्या एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोमचे मूळ कारण अ‍ॅफनोमायसिस इनव्हेडन्स हा बुरशीसदृश जीव आहे, आणि १८ ते २२ अंशांच्या पाण्यात तो विशेष जोर धरतो. जखमेत नंतर शिरणाऱ्या एरोमोनाससारख्या जंतूंवर प्रतिजैविक काही काम करील, पण मुळावर नाही. थर्मामीटर येथे निदानाला हातभार लावतो : गेल्या पंधरा दिवसांत पाणी झपाट्याने गार झाले असेल, तर जखमा पाहून पहिला संशय कुणावर घ्यायचा हे त्यावरून ठरते. तिलापियातील विषाणूजन्य मरतुकीत तर प्रतिजैविकाला मूळ आजारावर करण्यासारखे काहीच नसते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'रिपोर्ट फिश डिसीज' अ‍ॅपवरून शेतकऱ्याला तज्ज्ञापर्यंत पोहोचता येते. तेथे तक्रार नोंदवताना छायाचित्राबरोबर गेल्या आठवड्याची तापमाने दिली, तर पलीकडच्या तज्ज्ञाला निम्मे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

बाजाराचा मुद्दा टाळून चालत नाही. युरोपीय संघाने २०१६ मध्ये भारतातून येणाऱ्या संवर्धित कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण मालाच्या १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले, ते औषधांच्या अवशेषांमुळेच. कोळंबीही शीतरक्ताची आहे. देशांतर्गत बाजारात अशी तपासणी विरळ होते, म्हणून तळ्यातील माशाबाबत ढिलाई चालून जाते. परंतु ती मासळी ज्या ताटात जाते ते आपल्याच घरातले असते. निर्यातीच्या कंटेनरसाठी जी काळजी घेतली जाते, ती गावच्या आठवडी बाजारासाठी घेण्यात कोणती तांत्रिक अडचण आहे, याचे उत्तर कुणाकडे नाही.

हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि सिक्कीममधील ट्राउटपालकांना ही चर्चा अधिक लवकर पटेल. वाहत्या पाण्याच्या रेसवेत माघात तापमान पाच-सहा अंशांवर उतरते, आणि तेथे ५०० अंश-दिवस भरायला तीन महिने लागतात. थंडीच्या तोंडावर औषध दिले तर तो माल वसंतापर्यंत हलवता येत नाही. म्हणून तेथे सुज्ञ शेतकरी पाणी गार होण्याआधीच माशांची दाटी कमी करतो, हाताळणी आवरती घेतो आणि औषधाची वेळ येऊ न देण्यावर भर देतो. मैदानी भागात हिवाळा इतका कडक नसतो, त्यामुळे तीच दक्षता ऐच्छिक वाटते.

मत्स्यविभागांच्या आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या शिफारसपत्रकांत यासाठी तीन रकाने वाढवावे लागतील : उपचार सुरू करतानाचे पाण्याचे तापमान, त्या दिवशीचा खाद्यदर आणि काढणीपूर्वी भरायचे अंश-दिवस. पहिले दोन रकाने रिकामे असतील तर औषधाचे नाव लिहू नये, असा दंडक घालता येईल. नोंदवहीत शेतकऱ्याने रोज एक आकडा लिहायचा आणि आधीच्या बेरजेत मिळवायचा आहे. डेअरीत दुधाचे फॅट रोज पाहणाऱ्या घराला हे जड जाणार नाही. आश्विन-कार्तिकात, पाणी उतरू लागण्यापूर्वी, गटचर्चेत एकदा ही वही भरून दाखवली, तर पौषातल्या जाळ्याची तारीख त्या वहीतूनच निघेल.